निशाण्याची रेष

१ डिसेंबर, रविवार

दिपमाला मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही. त्या व्यायाम शिकवायला येतात. म्हणाल्या, हात रोज काय करतो, काय करत नाही, ते दोन ओळींत लिहून ठेवत जा. आज दोन ओळींत भागणार नाही, कारण आजवरचंही कुठे लिहिलेलं नाही.

नवरात्रात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराच परत आला, बोलणंही नीट आहे, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, आणि उचलला तर थरथरतो. हे मोटार रिवाइंडिंगवाले. केसासारखी तांब्याची तार याच हाताने भरायचे. आणि कॅरम. धुळे-जळगावात कॅरम खेळणाऱ्यांत अभिमन हे नाव कोणाला सांगावं लागत नाही. (समोर मी कधी नावाने हाक मारलेली नाही. वहीत मारते.)

दुकान कारागीर सांभाळतात, मी घरीच लग्नपत्रिकांची टायपिंगची कामं करते, म्हणून घर चाललंय. तक्रार नाही. बोलतो आहे, चालतो आहे, माझ्यावर चिडतोही आहे. देवाने पुष्कळ ठेवलं.

आज समाधानभाऊ असोद्याहून केळीचा घड घेऊन आले. हे दोघं तीस वर्षांचे जोडीदार, डबल्सला एकमेकांसमोर बसायचे. कॅरमच्या हॉलला चल म्हणाले, तर यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग भाऊंनीच काढलं की फोनवर कॅरमचं अ‍ॅप आहे, त्यावर आपल्या खान्देशातल्या लोकांची लीग भरवू. पैसा नाही, बक्षीस नाही, नुसता खेळ. ग्रुप वहिनींनी सांभाळायचा. मी हो म्हटलं.

हात : चमचा धरला, तोंडापर्यंत नेला, वरण सांडलं.

५ डिसेंबर

लीग सुरू झाली. धुळ्याचे, जळगावचे, चोपड्याचे, शिंदखेड्याचे, मी ओळखत नाही असे कितीतरी लोक आले. चोपड्याचे भूपेंद्र जळगावात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. सामन्यांचं वेळापत्रक त्यांनी करून दिलं. माझा अर्धा भार गेला.

खेळ असा आहे. बोट मागे ओढून निशाणा धरायचा, सोडलं की स्ट्रायकर सुटतो. निशाण्याची एक बोटभर रेष दिसते, पुढचा अंदाज आपला. हे डाव्या हाताने खेळतात. पहिला सामना हरले. हसले, म्हणाले, काच आहे ही, लाकूड नाही.

९ डिसेंबर

आजही हरले. शिरपूरच्या कोणी तरी ग्रुपवर दोन हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं, "अभिमनभाऊंचा जमाना गेला." मी ते काढून टाकलं, पण यांनी आधीच वाचलं होतं. फोन उशीखाली सरकवून पडून राहिले.

हात : शर्टाचं एकही बटण लागलं नाही. मी लावायला गेले तर हात झटकला. डावा.

१५ डिसेंबर, रविवार

जिंकले! आणि काठावर नाही, समोरच्याच्या पाच सोंगट्या पाटावर राहिल्या.

मला बाहेरच्या खोलीत ऐकू आलं, फोनमधला तो टाळ्यांचा आवाज. धावत गेले. हे मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. इथे लक्ष लागतं म्हणाले. मी तिथल्या तिथे दिपमाला मॅडमना फोन लावला, मग समाधानभाऊंना, मग माझ्या बहिणीला. शिरा केला. शेजारी मंदाबाईंकडे वाटी पाठवली. यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुरे कर आता, किती जणांना सांगशील," म्हणाले. इतक्या दिवसांनी असे लाजलेले पाहिले.

देवा, तुझे उपकार. ज्याने हे अ‍ॅप केलं त्याचेसुद्धा.

१९ डिसेंबर

लागोपाठ जिंकताहेत. काल समाधानभाऊंनाच हरवलं. पाटाच्या लांबच्या भिंतीवर आपटून परत येणारा शॉट, राणीसकट. मॅडमना सांगितलं तर त्यांनाही नवल वाटलं. म्हणाल्या, मेंदू नव्या वाटा शोधतो, चांगलंच आहे, पण उजव्याचा व्यायाम सोडू नका. व्यायामाला दाबायचा रबरी चेंडू दोन दिवस खिडकीतच आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. जिंकणाऱ्या माणसाला कशाला टोकायचं?

समाधानभाऊंचा फोन आला. मला वाटलं चेष्टा करतील. त्यांनी आधी घरचं, दुकानाचं विचारलं. मग विचारलं, "वहिनी, हात खरंच कसा आहे?" मी म्हटलं सुधारतोय, बघा ना तुम्हालाच हरवलं. "हो, हरवलं," म्हणाले, आणि केळीला पाणी द्यायचंय म्हणून फोन ठेवला. हरल्याचं त्यांना लागलं असावं. इतकी वर्षं बरोबरीने खेळलेले.

हात : कंगवा धरवत नाही. चमचा तसाच.

२४ डिसेंबर

ग्रुपवर कटकट सुरू झाली. कोणी तरी मॉड वापरतंय म्हणतात. मला हा शब्दच माहीत नव्हता. भूपेंद्रना विचारलं. ते संध्याकाळी फोनवर शांतपणे समजावत बसले.

मॉड म्हणजे खेळात बाहेरून घातलेली करामत. आपल्याला निशाण्याची रेष बोटभर दिसते. मॉडवाल्याला ती थेट पॉकेटपर्यंत दिसते, भिंतीवर आपटून कुठे जाईल तेसुद्धा. म्हणजे डोळे उघडे ठेवून रेषेवर रेष जुळवायची, बस. मी म्हटलं मग कंपनीला कळत नाही का? तर म्हणाले, कंपनीकडे फक्त दोन गोष्टी पोचतात, स्ट्रायकर कोणत्या दिशेला सोडला आणि किती जोरात. समोरच्याच्या काचेवर काय दिसत होतं ते पोचत नाही. कसलेल्या खेळाडूचा शॉट आणि मॉडचा शॉट, दोन्ही पॉकेटमध्येच जातात. पकडायचं कुठून?

तक्रारी सगळ्या एकाच नावावर आहेत. पुनम, शिंदखेडा. बहुतेक सामने जिंकली आहे. तिला कोणी कधी हॉलमध्ये पाहिलेलं नाही. यांच्याबद्दल अर्थातच कोणी चकार शब्द काढत नाही. यांचा खेळ सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. त्या मानाचं मला आज फार बरं वाटलं.

२९ डिसेंबर, रविवार

भूपेंद्रनी पुनमच्या शॉटांचा हिशेब मांडला. ती प्रत्येक शॉटला जवळजवळ सारखाच वेळ घेते, आणि तोही अगदी थोडा. माणूस सोपा शॉट पटकन मारतो, अवघडाला थांबतो. ही थांबतच नाही. तरी ते म्हणाले की एवढ्यावरून कोणाचं नाव घेऊ नये, लाकडाच्या पाटावर खेळून पाहू.

म्हणून आज तिला इथे धुळ्यातल्या गल्ली नंबर पाचमधल्या हॉलला बोलावलं. एकटीच आली, बसने. बावीस-तेवीसची असेल, लग्न झालेली, पदर सावरत बसली. आणि तिला खेळताच येईना. स्ट्रायकर धरायची पद्धत नाही, टिचकी कधी सोंगटीला लागते तर कधी हवेत. लोक हसायला लागले. ती लाल झाली. मला म्हणाली, "काकू, मी पाटावर कधीच खेळले नाही. आमच्याकडे पाट नाही. मी फोनवरच शिकले." फोनवर वाघ आणि पाटावर हे असं, कोणाला पटेल?

हे हॉलला आले नव्हते. घरी येऊन सांगितलं तर एवढंच म्हणाले, "घाई करू नका." मनाचे मोठे आहेत.

१ जानेवारी

पुनमला लीगमधून काढलं. ग्रुपवर मीच लिहिलं, कारण ग्रुप माझ्या नावावर आहे. बहुतेकांनी अंगठे टाकले. समाधानभाऊ एकटे आडवे आले. ग्रुपवर लिहिलं, "मले हे मान्य नाही. त्या पोरीनं काही केलेलं नाही." लोकांनी पुरावा मागितला, तर पुढे काही लिहिलं नाही. मी फोन केला. म्हणाले, "वहिनी, सांगण्यासारखं नाही." मला राग आला. सांगण्यासारखं नसेल तर लिहायचं कशाला?

यांनी दुपारी जेवण अर्धं टाकलं. नवीन वर्ष आणि असलं काम माझ्या हातून व्हावं, मलाही गोड लागलं नाही.

५ जानेवारी

कंपनीचं उत्तर आलं. भूपेंद्रनी पुनमच्या खात्याबद्दल विचारलं होतं. दोन ओळी. तपासणी केली, निश्चित सांगता येत नाही, आपण खेळत राहा. भूपेंद्र म्हणाले, "ताई, मला आता खात्री वाटेनाशी झालीय." मला तर कधीच धड नव्हती. पण काढलेलं नाव परत कसं घालायचं?

८ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी पत्रिकेचं प्रूफ बघत होते तर दारात एक नऊवारीतली बाई उभी, मागे पुनम. ती तिची सासू, प्रमिलाबाई. पाणीही घेतलं नाही. उभ्यानेच अहिराणीत म्हणाल्या, "बाई, मनी सून चोर नही शे. गावमा बठ्ठा तिले चोर म्हणी ऱ्हायनात. तुमना कोणता बी फोन द्या, ती तुमना समोर खेयी दखाडस."

मला आधी वाटलं सुनेला रागावतील, फोन काढून घेतील. या तर तिच्यासाठी कापूस वेचणीचा दिवस मोडून आल्या होत्या. सांगत होत्या, रात्रंदिवस घरात राबते, दुपारी घटकाभर खेळते, तेवढंच तिला हसू येतं. ते का हिसकावलंत?

आणि खरंच, हे आम्हाला कोणाला सुचलंच नव्हतं. लाकडाचा पाट कशाला, आमचा फोन द्यायचा आणि समोर बसायचं. एवढी साधी गोष्ट.

माझा फोन चार्जिंगला होता, बंदच पडलेला. म्हणून मी यांच्या उशाचा उचलला. हे म्हणाले, "त्याची बॅटरी गेलीय." मी पाहिलं तर भरपूर होती. तसं म्हटलं आणि पुनमच्या हातात दिला. तिने खेळ उघडला. सोंगट्या मांडल्या गेल्या. तिने बोट टेकवलं, थोडं मागे ओढलं, आणि थांबली. काचेकडे बघत राहिली. मग मान वर करून यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. मला वाटलं, झालं, घाबरली, हिचं पितळ आता उघडं पडणार. प्रमिलाबाईही "खेय ना" म्हणाल्या.

तिने फोन हळूच बंद करून कॉटवर यांच्या जवळ ठेवला, पालथा. म्हणाली, "हा फोन मला हाताला बसत नाही. काकू, तुमचाच द्या. मी थांबते."

थांबली. माझा फोन चार्ज होईपर्यंत चहा झाला. मग माझ्या फोनवर, माझ्या डोळ्यांसमोर ती खेळली. ओळीने चार डाव. रेष तीच बोटभर. ती रेषेकडे बघतच नव्हती, शॉट मारला की पुढची सोंगटी डोक्यात तयार. मी भूपेंद्रना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी शेवटचे दोन डाव पाहिले. म्हणाले, "ताई, आपण चुकलो." मी पुनमचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "एवढं काय काकू, कळलं ना आता."

प्रमिलाबाईंनी तेव्हा कुठे पाणी घेतलं.

९ जानेवारी

ग्रुपवर माफी मागितली, नाव परत घातलं. समाधानभाऊंनी फक्त "बरं झालं" लिहिलं. फायनल सव्वीस जानेवारीला जळगावात करायची, पुनम आणि हे. समोरासमोर बसून, फोनवर. मंडळी खूश आहेत.

मला सारखी ती सासू आठवते. सख्ख्या आईने एवढं केलं नसतं. आणि ती पोर, इतका अपमान होऊन शब्दाने दुखावलं नाही तिने आम्हाला. अशी माणसं भेटतात हे आपलं नशीब.

हे मात्र दोन दिवस नीट जेवत नाहीत. शेवभाजी केली, आवडीची, ती सुद्धा ठेवली. फायनलचं दडपण असेल.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटून झाला. दुपारी घरात आम्ही दोघंच. मी यांच्यासमोर वाटी धरली तर म्हणाले, "बस. मला सांगायचंय."

त्यांच्या फोनमध्ये ती लांब रेष आहे. पंधरा डिसेंबरपासून. एक व्हिडिओ पाहून डाव्या हाताने एकट्याने टाकली. ज्या दिवशी मी शिरा केला, तो पहिला सामनाही त्या रेषेचाच.

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे हात? "हात आहे तिथेच आहे," म्हणाले. उजव्याचा व्यायामही त्यांनी सोडला होता. डाव्याने रेष जुळवायची आणि सोडायचं.

"एकदाच करून बघणार होतो," ते म्हणाले. "तुला सांगणारही होतो, त्याच दिवशी. तू पळत आलीस. मॅडमना फोन लावलास. शिरा केलास. मग कसं सांगू?"

"आणि पुनमला काढलं तेव्हा?"

चादरीची सुरकुती डाव्या हाताने सरळ केली. मग म्हणाले, "तेव्हा घाबरलो. त्या दिवशी तिने फोन हातात घेतला तेव्हा तिला दिसलं, हेमा. तिला सगळं दिसलं. आणि तिने तो पालथा ठेवला."

मी वाटी तिथेच ठेवून उठले.

१६ जानेवारी

बोलणं नाही. स्वयंपाक करते, ताट ठेवते. मी कोणाकोणाला कळवलं होतं ते आठवत बसते. बहीण, मॅडम, मंदाबाई. प्रत्येकीला मी आनंदाने सांगितलं होतं. राग त्यांचा येतो, आणि मध्येच तो फोन घेऊन भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस दिसतो. तेव्हा राग टिकत नाही. मग परत येतो.

आज मागच्या खोलीत गेले तर हे रबरी चेंडू दाबत होते. बोटं पुरती मिटत नव्हती. मला बघून थांबले नाहीत.

१८ जानेवारी

सकाळी म्हणाले, शिंदखेड्याला जायचंय. मी येते म्हटलं. चार दिवसांत बोललेलं पहिलं वाक्य.

बसच्या पायरीवर त्यांना कंडक्टरने हात दिला. झटक्यानंतरचा हा पहिला प्रवास. खिडकीशी बसले, वाटभर बाहेर बघत राहिले. कापसाची शेतं निम्मी रिकामी झालीत.

प्रमिलाबाईंचं घर गावाच्या कडेला. अंगणात कापसाचा ढीग, पुनम गोणी भरत होती. आम्हाला बघून उठली, खाट टाकली. हे बसले नाहीत. काठी टेकून उभेच राहिले आणि सांगितलं. एक शब्द लपवला नाही. माझ्यामुळे तुला चोर म्हणाले, मला माहीत असून मी गप्प बसलो, असं सरळ सांगितलं. प्रमिलाबाई ऐकत होत्या. मला वाटलं आता या आम्हाला अंगणातून घालवतील, आणि घालवलं असतं तर मी काही बोलले नसते.

हे पुनमला म्हणाले, "तू त्याच दिवशी का बोलली नाहीस?"

ती गोणीचं तोंड मुठीत धरून उभी होती. म्हणाली, "चोर म्हटलं की कसं वाटतं ते तेव्हा ताजं होतं, भाऊ. तेच तुमच्या घरात, काकूंसमोर तुम्हाला म्हणायला जीभ वळली नाही." मग म्हणाली, "पण फायनलला बसलात असता तर म्हटलं असतं. तेवढं ठरवलं होतं."

हे म्हणाले, "म्हणायलाच पाहिजे होतं."

प्रमिलाबाईंनी चुलीकडे वळता वळता म्हटलं, "इतलं दूर ईसन सांगं ना तुम्हीन, आते बसा. भाकर खाई ल्या." रागावलेल्या होत्या, आवाज तसाच कडक होता. पण उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी गरम वाढली, वर भरीत, तेलाची धार. यांचा घास डाव्या हाताने सांडत होता, तर त्यांनी काही न बोलता ताटाऐवजी खोलगट वाडगा दिला. मला तिथे रडू आलं. तिखटावर ढकललं.

१९ जानेवारी, रविवार

यांनी ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं. मी लिहून देते म्हटलं, नको म्हणाले. दोन मिनिटांचं बोलणं, चार वेळा पुसून परत केलं. काही जण ग्रुप सोडून गेले. शिरपूरवाल्याने पुन्हा ते हात जोडलेलं चित्र टाकलं. या वेळी मी काढलं नाही, यांनीच राहू दे म्हटलं. फायनल पुनमची, न खेळता.

दुपारी समाधानभाऊ आले. मी दार उघडताच म्हणाले, "वहिनी, मले दुसऱ्याच डावात कळलं व्हतं." कसं ते सांगितलं. सरळ सोंगटी समोर असताना अभिमन कधी लांबच्या भिंतीवरून मारत नाही, तीस वर्षांत मारला नाही. तो शॉट फोनला आवडलेला होता, त्याला नाही. मग गप्प का बसलात म्हटलं, तर म्हणाले, तो हसायला लागला होता ना. आणि पुनमचं नाव निघालं तेव्हा इकडे आड तिकडे विहीर झालं.

म्हणजे कंपनीला कळलं नाही, भूपेंद्रांच्या हिशेबाला कळलं नाही, मला रोज समोर असून कळलं नाही. ज्यांना कळलं ती दोन्ही माणसं यांची अब्रू सांभाळत बसली. त्यातल्या एकीला तर आम्हीच घालवून दिलं होतं.

हे आणि भाऊ मागच्या खोलीत गेले. मोठ्याने बोलल्याचा आवाज आला. भाऊ ओरडत होते, मग हे. मग शांत. चहा घेऊन गेले तर भाऊ यांची उजवी बोटं एकेक करून सरळ करत होते.

मॅडमनाही फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आता निदान खरं कुठून सुरू करायचं ते कळलं. उद्यापासून दोनदा येते.

२५ जानेवारी

भूपेंद्र जळगावहून मुद्दाम येऊन यांचा फोन बघून गेले. ती रेष खेळाच्या आत नसतेच म्हणे. खेळाला हातही न लावता काचेवर वरून आखली जाते, म्हणून खेळाला ती दिसत नाही. हे त्यांना आता मुलांना शिकवायचंय. यांना विचारलं, तुमचं नाव न घेता सांगू का? हे म्हणाले, घेऊन सांगा.

भूपेंद्रांच्याच मदतीने यांनी कंपनीला स्वतःच्या नावाची तक्रार पाठवली. मी अमुक तारखेपासून मॉड वापरला, माझं खातं बंद करा. मग फोनमधून ते सगळं पुसलं.

हात : चेंडू अर्धा दबतो. बटण नाही. चमचा सांडतो. हे खरं आहे. लिहायला बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

समाधानभाऊंनी त्यांचा जुना पाट टेम्पोत घालून आणला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत मांडला. पुनमला लाकडावर शिकायचं होतं. तिनेच फोन करून विचारलं होतं, अभिमनभाऊ शिकवतील का. प्रमिलाबाई सोबत आल्या, पिशवीत वांगी घेऊन.

सकाळभर हे सांगत होते, ती मारत होती. मनगट खाली, नख नाही, बोटाचा मऊ भाग. तिची टिचकी अजून कशीतरीच लागते. फोनवरची वाघीण इथे दहादा चुकली आणि दहाही वेळा हसली. त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही हिला हसलो होतो, आज ती स्वतःवर हसत होती, आणि मला तिचं कौतुक वाटत होतं.

मध्येच कंपनीचं उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं. आपल्या खात्याची सखोल तपासणी केली. कोणताही गैरप्रकार आढळला नाही. प्रामाणिक खेळाडू म्हणून आपले आभार.

प्रमिलाबाईंनी दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चोर सोता सांगस मी चोर शे, आन त्या म्हणतस, नही, तू साव शे?" समाधानभाऊ हसून हसून खुर्चीवरून घसरायचे राहिले. हेही हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, तोंड पुरतं उघडून. उजवीकडचा ओठ अजून थोडा मागे राहतो, ते आज नीट दिसलं. मला तेही आवडलं.

जेवणं झाल्यावर पुनम म्हणाली, भाऊ, एक डाव माझ्याशी खरा खेळा. हे नको नको म्हणत बसले. शेवटी खेळायला बसले, ते उजव्यानेच. समाधानभाऊंनी कोपर धरू का विचारलं, तर नाही म्हणाले. हात थरथरत पाटावर आला. स्ट्रायकर लावायलाच खूप वेळ गेला. कोणी घाई केली नाही. मारला. जेमतेम मध्यापर्यंत गेला, पण वाटेत एका काळ्या सोंगटीला खेटला आणि ती कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये हळूच पडली.

आम्ही सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. पुनम सर्वांत जोरात.

यांनी मान हलवली. "करंगळी सोंगटीला लागली होती," म्हणाले. "मारायच्या आधीच."

आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. मी तर अगदी जवळ उभी होते, तरी नाही. यांनी डाव्या हाताने पॉकेटमधून ती काळी सोंगटी काढली, पाटाच्या मध्यावर ठेवली, आणि स्ट्रायकर पुनमकडे सरकवला.